जलरंगी काका

आमचे काका शनिवारी बँकेतून निवृत्त झाले आणि सोमवारी चित्रकार म्हणून रुजू झाले. कलाशिक्षण शाळेतल्या एलिमेंटरीपर्यंत. इंटरमिजिएटच्या ऐन परीक्षेत कांजिण्या आल्या. बाकी सगळं यूट्यूब.

पूर्वी प्रवासात काकू देव ठरवायच्या आणि काका गाडी. आता काका ‘स्पॉट’ ठरवतात. तिथे देव निघालाच तर तो काकूंचं नशीब. तीनशे जीएसएमच्या कॉटन कागदाची किंमत कळल्यापासून रेल्वेत ती पिशवी काकू दागिन्यांच्या डब्यासारखी उशाशी घेऊन झोपतात.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट आणि १७३९च्या वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा. लोक घंटा बघायला जातात. काकांनी नेमकी तीच गाळली. “कॉम्पोझिशन बिघडतं.” खरं म्हणजे त्यांना घंटेचा गोल जमत नाही. माणसंही जमत नाहीत, म्हणून गर्दी दाखवायची वेळ आली की ते छत्र्या काढतात. बनारसच्या घाटांवर बारा महिने मोठाल्या छत्र्या असतात, तेव्हा त्या शहरावर त्यांचा जीव का आहे हे सांगायला नको.

चित्र फसलं की दोष हवेचा. जैसलमेरला ब्रश टेकताच रंग वाळतो, म्हणून आकाशाला कडा पडल्या. तारकर्लीला आषाढात वॉश वाळेचना, म्हणून समुद्र आकाशात शिरला. पुण्यात हवा बरी असते. तिथे काका चित्रच काढत नाहीत.

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सावंतवाडीच्या हळदणकरांचं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आहे. जलरंगातलं. गाइड ते रविवर्म्याचं म्हणाला, तेव्हा काकांनी त्याला तिथल्या तिथे झापलं. इथवर मी काकांच्या बाजूचा. मग म्हणे ते बराच वेळ हात मागे बांधून चित्रापुढे उभे राहिले. काकूंना वाटलं, आता तरी माणूस जरा नमेल.

“उत्तम आहे,” काका म्हणाले, “पण खोलीत बसून काढलंय. वाऱ्याचा त्रास नाही.”

आमच्या वास्तुशांतीला त्यांनी एक फ्रेम दिली. पाणी, पायऱ्या, छत्र्या. मागे पेन्सिलीने ‘बनारस’ लिहिलंय, ते खोडून ‘मेणवली’, आणि पुढे कंसात काकूंच्या अक्षरात : ‘नाशिकही चालेल.’