'लॉजिंग-बोर्डिंग'च्या मालकांना

उंद्री, ता. चिखली, जि. बुलढाणा

मालकसाहेब,

साष्टांग नमस्कार. तुमच्या फरशीवर लोटांगण घालायची छाती झाली नाही, म्हणून पत्रातून घालतो.

ओळख लागली नसेल. मार्गशीर्षात आमच्या घरी लग्न होतं. घरात तीळ ठेवायला जागा नाही, म्हणून मुंबईहून आलेला भाचा, त्याची बायको आणि मुलगी यांना तुमच्याकडे उतरवणारा उंद्रीचा तो म्हातारा मीच. फोनवर तुम्ही म्हणाला होता, "काका, घरच्यासारखं वाटंल." खरंच वाटलं. वीस वर्षं कुलूप असलेल्या घरासारखं.

चादरीला बिडीनं पाडलेली सात भोकं भाचेनातीनं मोजली. मुलं परगावी आली की असं काहीतरी मोजतातच. साबणाच्या वडीवर आधीच्या पाहुण्याचा एक लांब केस चिकटला होता. आठवण म्हणून ठेवला असेल, आम्ही हात लावला नाही. गिझरच्या बटणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनानं लिहिलेलं 'चालू करू नये'. वऱ्हाडातल्या थंडीत! टॉवेल मागितला तर उशीच्या अभ्र्याएवढा आला, आणि त्यावर नाव दुसऱ्याच लॉजचं. त्या लॉजशी तुमची सोयरीक आहे का?

तुमच्या मेनूकार्डाला मात्र दाद देतो. चौदा पानं: पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन. भाच्यानं मोठ्या उत्साहानं हाका नूडल्स मागवल्या. पोऱ्या म्हणाला, "भाऊ, ते कार्डात हाय, किचनात नाही." मग पनीर कढई, पनीर हंडी आणि पनीर तुफानी असे तीन पदार्थ आले. तिन्हींचा रस्सा एकाच पातेल्यातला. तुफानीवर कोथिंबीर जास्त. शेवभाजी चांगली होती, खोटं कशाला बोलू? ती त्या पोऱ्यानंच केली होती म्हणे. रात्री तोच बादलीनं गरम पाणी वर आणत होता आणि तोच जिन्याखालच्या बाकड्यावर गोणपाट पांघरून झोपला होता. तुमच्या लॉजमध्ये पाहुणचार करणारा माणूस एवढा एकच, आणि खाट नाही ती त्यालाच.

बिल साध्या कागदावर. त्यात 'जीएसटी १८ टक्के' आणि 'सर्व्हिस १५० रुपये'. साडेसात हजारांच्या आतल्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्केच कर आहे, आणि तुमच्या कागदावर तर नोंदणी क्रमांकही नव्हता. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच बजावलंय. जेवणाच्या बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असावा, हाही नियम आहे. तुमच्या बिलावर तर सोळा आकडे होते, पण ते तुमच्या मेव्हण्याच्या मोबाईलचे आणि पिनकोडचे मिळून भरले. पाण्याच्या बाटलीचे दहा रुपये जास्त घेतलेत, त्यावर मी गप्प बसलो. हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल तुमच्या बाजूनं आहे. एवढा एक कायदा तुम्ही अक्षरशः पाळता.

मी कुरकुरलो तर तुम्ही म्हणाला, "काका, एवढ्या पैशात ताज मिळंल का?" ताज राहू द्या मुंबईत. खामगाव ओलांडून शेगावला जा. दुसऱ्या रात्री पाहुण्यांना तिथल्या भक्तनिवासात नेलं. खोली साधीच, पण बाथरूमची फरशी कोरडी, चादर धुतलेली आणि सेवेकरी बोलायचे ते 'माउली' म्हणून. भाचेनात चादरीकडे बघत राहिली, मोजायला काहीच नव्हतं. भाचा व्हिएतनाम फिरून आलाय. तिकडे स्वस्तातल्या लॉजला म्हणतात 'न्या न्गी', म्हणजे विश्रांतीचं घर. तो म्हणाला, "मामा, तिथंही खोली बारकीच होती, पण चपला दारात काढून आत जावं लागायचं." तुमच्याकडे बाहेर येताना पाय धुवावे लागले.

लग्न पार पडलं, पाहुणे गेले. जाताना भाच्याची बायको हसून म्हणाली, "मामा, पुढच्या वेळी आम्ही ओसरीवर झोपू." ती बोच माझी, तिचा हिशेब तुमच्या कागदावर नाही.

ता. क. तो टॉवेल चुकून सामानात आमच्या घरी आलाय. धुतला. दोनदा. आता तो तुमच्याकडे धाडू, की ज्यांचं नाव त्यावर आहे त्यांच्याकडे, तेवढं कळवा.

आपला,
खोली नंबर तीनचे बिल भरणारा