प्रतापनगरचे पायाकाका

बडोद्याच्या प्रतापनगरात कुणाच्या प्लॉटवर खडीचा ट्रॅक्टर उलटला की अर्ध्या तासात पायाकाका हजर. मालकाने बोलावलेलं नसतं, इंजिनियरला ते नको असतात आणि कडिया, म्हणजे गवंडी, तर त्यांना बघताच तंबाखू मळायला घेतो. काका बहुधा रेल्वेतून निवृत्त; डीआरएम ऑफिस इथलंच, त्यामुळे हा वाण इथे उदंड. हयात लेखाशाखेत गेली तरी रुळांचा शेजार घडल्यामुळे जमिनीवर जे जे उभं राहतं त्याचं ज्ञान त्यांना आपोआप झालेलं असतं. ‘‘फुटिंगबिटिंग सोडा, एकसंध स्लॅब मारा. पूर येवो, भूकंप येवो, घर होडीसारखं तरंगेल!’’ हा त्यांचा ठरलेला निकाल. माझं म्हणणं असं, की हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि तरीही काका प्रत्येक पायाशी उभे असलेच पाहिजेत.

चुकीचा अशासाठी, की बडोद्याच्या अनेक भागांत वरचा थर काळ्या चिकण मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात भेगाळते. पातळ स्लॅब तिच्यावर नुसता टेकवला तर कडेला ओल वेगळी आणि मधोमध वेगळी. मग कडा वरखाली होतात आणि भिंती तडकतात. म्हणून एकतर पाया ऋतुमानाने ओल बदलत नाही इतक्या खोलीवर न्यायचा, नाहीतर स्लॅब बीम घालून खरोखर ताठ करायचा. तिसरा मार्ग म्हणजे तळाशी फुगीर असलेले पाइल. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने असल्याच मातीसाठी ते विकसित केले. यातलं काय घ्यायचं हे मातीच्या तपासणीवर ठरतं. काकांना तपासणी म्हणजे पैशांची नासाडी वाटते. ते ढेकूळ उचलतात, तळहातावर भिजवतात, वळी करतात आणि सांगतात, ‘‘तीन फुटांवर कडक लागेल.’’ याला हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की प्रयोगशाळेतही मातीची अशीच वळी करतात आणि ती तीन मिलिमीटरला तुटते का ते बघतात. मात्र प्लॉटचा अर्धा भाग बुजवलेल्या कोतरावर, म्हणजे घळीवर, आहे की नाही, हे कुठल्याच तळहाताला कळत नाही. त्यासाठी बोअरच घ्यावा लागतो.

इंजिनियरने तसं म्हटलं, की काका लक्ष्मी विलास राजवाडा मध्ये आणतात. त्याचा वास्तुविशारद मेजर चार्ल्स मँट 1881 मध्ये वारला. आपली आकडेमोड चुकली, राजवाडा कोसळणार, या धास्तीने त्याने जीव दिला असं सांगतात. ‘‘साहेबाचे हे हाल, तर तुमच्या डिप्लोमावाल्याचं काय?’’ पण मँटनंतर वास्तुविशारद चिझमने पुरा केलेला तो राजवाडा 1890 पासून ठणठणीत उभा आहे. म्हणजे गोष्ट खरी धरली तर हिशेब बरोबर होता, चुकली ती धास्ती. काका ती गोष्ट उलट्या बाजूने वाचतात.

मग असा माणूस हवा कशाला? कारण पाया हा घराचा एकच भाग असा, की तो आठवड्याभरात मातीआड जातो आणि पुन्हा कुणाच्या नजरेस पडत नाही. टाइल बदलता येते, रंग पुन्हा काढता येतो. त्या आठवड्यात मालक शोरूममध्ये बेसिन निवडत असतो. खड्ड्याच्या काठावर असतात फक्त काका. ते धोतर सावरून उकिडवे बसतात आणि सळयांच्या जाळीखाली तीन बोटं सरकवतात. बोटं गेली नाहीत तर कडियाला हाक. आयएस 456 या मानकाने फुटिंगच्या सळईला 50 मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर सांगितलं आहे, म्हणजे साधारण तीन बोटंच. काकांचं कारण मात्र अचाट: ‘‘सळईला श्वास घेऊ द्या रे!’’ खरं तर कव्हर असतं ते हवापाणी सळईपर्यंत पोचू नये म्हणून. पण कारण चुकलं म्हणून कव्हर ब्लॉक बसायचा राहत नाही. पाण्याचंही तेच. साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि राख मिसळलेल्याला दहा दिवस ओल लागते; संध्याकाळच्या फेरीत चपलेच्या टोकाने गोणपाट उचलून काका ती बघतात.

कुणी म्हणेल, यासाठी पगारी सुपरवायझर असतो. असतो, पण त्याच्याकडे सहा साइट असतात. काकांकडे एकच मोहल्ला आणि भरपूर वेळ. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: त्यांना खुर्ची नि चहा दिला की ते डिझाइनही बदलायला लावतील. लावतीलच. तेव्हा चहा द्यावा, नकाशा देऊ नये. तरीही ऐकेनात, तर त्यांच्याच घरी जाऊन खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग बघावी. ती 26 जानेवारी 2001 च्या भुजच्या भूकंपाची, असं ते शपथेवर सांगतात. मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं जातं, ऑगस्टमध्ये जात नाही. काका दर दिवाळीला तिच्यात पुट्टी भरतात आणि दर उन्हाळ्यात भुजच्या नावाने बोटं मोडतात.