महागणपती, एबी फॉर्मला पाव!

टिटवाळ्याचा महागणपती रखडलेली लग्नं जुळवतो, अशी ख्याती. खोटी नव्हे. २०१५ ला इथल्याच कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या निवडणुकीत शिवसेना-भाजप एकमेकांच्या उरावर बसून लढले, ५२ आणि ४२ नगरसेवक आणले आणि निकालानंतर पुन्हा संसाराला लागले. त्यामुळे पालिका निवडणूक आली की दर्शनाच्या रांगेत कडक इस्त्रीतले ‘इच्छुक’ वाढतात. मागणं एकच, युती होवो की मोडो, पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म माझ्या हातात पडो!

तिकडे अमेरिकेत, आयोवा राज्यात, अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला पक्षाचे साधे मतदार ऐन हिवाळ्यात शाळेत, चर्चमध्ये जमतात. हाच कॉकस. डेमोक्रॅट तर २०२० पर्यंत उमेदवारागणिक कोपरे धरून उभे राहायचे. एखाद्या कोपऱ्यात साधारण १५ टक्के माणसंही जमली नाहीत की शेजारी हाका मारायचे, ‘या इकडे!’ २०२० ला निकाल कळवणारं ॲप कोलमडलं, जगभर हसं झालं. पण कौल चारचौघांत दिला गेला होता.

आपला कॉकस बंद दाराआड. आधी मुलाखतीचा सोपस्कार. इच्छुक ढोलताशे आणि जाडजूड कार्यअहवाल घेऊन जातो. आत विचारतात, ‘खर्च किती झेपेल?’ मग यादी ‘वर’ जाते. वरून येतो तो एबी फॉर्म. सही कोणाची चालणार हे ए सांगतो, माणूस कोणता चालणार हे बी. वीस वर्षं सतरंज्या उचलणारा खालीच राहतो आणि परवा पक्षात आलेला बी होतो. २०२४ च्या विधानसभेला अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी नाशिकला एबी फॉर्म हेलिकॉप्टरने गेले. कार्यकर्ता मात्र कसारा लोकलला लटकलेलाच.

प्रयोग झालाच नाही असं नाही. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने वर्ध्यात पक्षातल्या लोकांकडून उमेदवार निवडून घेतला. निवडले गेले सागर मेघे, तेव्हाच्या खासदारांचे चिरंजीव. ते पडले आणि काही महिन्यांत पितापुत्र भाजपवासी झाले. प्रयोगही तिथेच संपला. घराणं जिंकलं म्हणून मतदान बंद करायचं, आणि घराणी मात्र चालूच ठेवायची!

तेव्हा पुढच्या खेपेला दारात हात जोडून कोणी आला, तर जाहीरनामा मागू नका. ‘तुला उमेदवार कोणी केलं?’ एवढंच विचारा. मांडा-टिटवाळ्यातली पाच नावं सांगता आली, तर चहा पाजा. नुसतंच ‘वरून’ म्हणाला, तर मतही वरच मागायला सांगा.