जपानला सर्दी झाली आहे

भूगोल शिकवणाऱ्या बाईबद्दल लोकांचे दोन समज असतात. एक, ती कधी रस्ता चुकत नाही. दोन, तिला जगातले सगळे देश आतून माहीत असतात. पहिला समज माझ्या घरच्यांनी केव्हाच सोडून दिला. दुसरा मात्र आमच्या विद्यापीठाने जपून ठेवला आहे. त्यामुळे परदेशी विद्यापीठांशी सामंजस्य करार झाले आणि तिकडची मुलं एकेका सत्रासाठी पुण्यात यायला लागली, तेव्हा "देश-परदेश म्हणजे तुमचाच विषय की हो मॅडम" असं म्हणून त्यांचं मेंटॉरपद माझ्या गळ्यात घालण्यात आलं. नेमणुकीच्या पत्रात 'मानधन' या शब्दापुढे एक छोटी, ठाम आडवी रेघ होती. माझा खरा विषय दख्खनच्या बेसाल्टमधलं भूजल. पण खडकाखालच्या पाण्याचा पत्ता लावणारी बाई फ्रेंच मुलाला कोथरूडमध्ये खोलीही शोधून देईल, यावर आमच्या विभागप्रमुखांचा गाढ विश्वास होता.

सुरुवातीचे काही आठवडे ही मुलं विद्यापीठाच्या अतिथिगृहात राहतात. तिथल्या मेसच्या मावशींनी नावांचा प्रश्न एका दिवसात निकालात काढला. जपानी नावं आपल्या जिभेला जड जात नाहीत, पण काही जर्मन आडनावांत व्यंजनं लोकलच्या दारात उभी असल्यासारखी एकमेकांना चिकटलेली असतात. मावशींनी त्या गर्दीत शिरायचं नाकारलं आणि प्रत्येकाला देशाच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली. तेव्हापासून मला रात्री-बेरात्री असे फोन येतात :

"मॅडम, जपानला सर्दी झालीय. काढा दिला, पण घेत नाही."

"फ्रान्स अजून आला नाही. साडेअकरा वाजले. मी दार लावू का?"

एकदा जर्मनी आणि फ्रान्सचं वाजल्याची खबर आली. मी रिक्षा करून गेले. भांडण अतिथिगृहातल्या एकुलत्या एक वॉशिंग मशीनवरून होतं. १८७०, १९१४ आणि १९३९ नंतर या दोन देशांत पेटलेला हा तंटा जर्मनीला शनिवार आणि फ्रान्सला रविवार देऊन मिटवला. मावशी साक्षीदार होत्या. तहाची अट एवढीच की मोजे मशीनमध्ये विसरायचे नाहीत.

कागदपत्रांना मी भीत नाही. माझी सगळी नोकरी महाराष्ट्रात झाली आहे. पण विनिमय विद्यार्थ्याच्या कागदांची गाठ निराळीच. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर जो येतो, त्याने आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची असते. अर्ज ऑनलाइन होतो, तिथपर्यंत सगळं सुरळीत. अर्जाला बोनाफाइड लागतं. बोनाफाइडला फीची पावती लागते. आणि विनिमय कराराचा गाभाच असा, की प्रत्येकाने फी आपल्या घरच्या विद्यापीठात भरायची, यजमानाने एक पैसा घ्यायचा नाही.

मी आणि फ्रान्स बोनाफाइड देणाऱ्या खिडकीसमोर उभे होतो. आतल्या भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर नेला.

"पावती नाही म्हणजे अॅडमिशन नाही. अॅडमिशन नाही, तर मग मॅडम, हा मुलगा आहे कोण?"

मी भाषांतर करून सांगितलं. मुलगा एकदम गंभीर झाला. त्याच्या देशात या प्रश्नावर जाडजूड पुस्तकं लिहिली गेली आहेत. तो एखाद्या खिडकीतून इतक्या सहज विचारला जाईल असं त्याला वाटलं नव्हतं.

शून्य रुपयांची पावती सॉफ्टवेअर काढत नव्हतं. कुलसचिवांचं पत्र आणा, लेखा विभागाचा शेरा आणा, असं करत दुपार झाली. शेवटी डबा खाऊन आल्यावर भाऊसाहेबांनाच दया आली. म्हणाले, "त्याला ओळखपत्राचे पन्नास रुपये भरू द्या. बोनाफाइडच्या नमुन्यात 'पावती क्रमांक' एवढंच लिहायचंय. किती रुपयांची, हे कुठे विचारलंय?" पाच मिनिटांत गोल शिक्का बसला. आंतरराष्ट्रीय करार करायला आमचे कुलगुरू विमानाने जातात; तो करार चालतो मात्र या खिडकीतल्या माणसाच्या डोक्यावर.

वेळेबद्दल एक सांगायलाच हवं. जर्मन मुलगी वर्गात येणार म्हणून आदल्या दिवशी मी आमच्या मुलांना दम भरला होता : जर्मन माणूस आहे, घड्याळ लावून येईल, निदान उद्या तरी लाज राखा. मुलांनी राखली. दहाच्या ठोक्याला सगळा वर्ग भरला. असं दृश्य मी फक्त परीक्षेच्या दिवशी पाहिलं होतं. जर्मनीचा पत्ता नव्हता. बरोबर सव्वादहाला ती शांतपणे आत आली आणि सगळे आधीच बसलेले बघून गोंधळली. मग तिने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे कित्येक विद्यापीठांत वेळापत्रकावर तासाच्या पुढे 'सी. टी.' अशी अक्षरं असतात. कुम टेम्पोरे, लॅटिन आहे. दहाचा तास म्हणजे सव्वादहाला सुरू, अशी ही जुनी रीत. त्याला तिकडे चक्क 'शैक्षणिक पाव तास' म्हणतात.

आमच्या मुलांना युरोपीय ज्ञानपरंपरेबद्दल इतका आदर वाटलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. तेव्हापासून उशिरा येणारा प्रत्येक जण दारात उभा राहून नम्रपणे "मॅडम, सी. टी." म्हणतो. एक जण तर अकराला दहा मिनिटं असताना आला आणि तेच म्हणाला. मी त्याला सांगितलं, बाळा, लॅटिनलाही मर्यादा आहेत.

जपान मात्र दहाला पाच कमी असताना यायचा. तेही बसने. बसवरच्या पाटीवरचे मराठी आकडे त्याने आल्या आल्या वहीत उतरवून घेतले होते, आणि दुसऱ्या आठवड्यात आमच्याच वर्गातली एक मुलगी स्टॉपवर त्याला विचारत होती, "अरे, वो कौनसा नंबर है?" मुलगी पुण्याचीच, पेठेत जन्मलेली. शाळा इंग्रजी माध्यमाची.

अतिथिगृहाची मुदत संपली की खोली शोधायची. पुण्यात परदेशी मुलीला खोली मिळवणं म्हणजे स्थळ दाखवण्याचाच कार्यक्रम. कर्वेनगरच्या एका काकूंकडे आम्ही गेलो. लाडू, चिवडा, पाणी. घरात अंडंसुद्धा येत नाही हे त्यांनी दारातच सांगितलं होतं. मी म्हटलं, काकू, काळजी नको, मुलगी शाकाहारीच आहे. काकूंचा चेहरा उजळला. जर्मनीतून कुणी शाकाहारी होऊन आपल्या घरी येतंय, म्हणजे आपलंच कुठलं तरी पुण्य फळाला आलं, असा तो चेहरा होता. त्यांनी लगेच बशीतला बेसनाचा लाडू पुढे केला.

"तूप आहे का यात?" मुलीने विचारलं.

"साजूक!" काकू अभिमानाने म्हणाल्या.

मुलीने हात जोडले. ती व्हीगन निघाली. दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही, मध नाही. काकू एकेक पदार्थ विचारत गेल्या आणि एकेक बुरूज ढासळत गेला. श्रीखंड? नाही. पनीर? नाही. पुरणपोळी? तुपाशिवाय. "तुपाशिवाय?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या आयुष्यात आजवर कुणी त्यांच्याहून सोवळं भेटलं नव्हतं. गाई-म्हशींना त्रास होतो म्हणून ती दूध घेत नाही, असं मी सांगितल्यावर काकूंनी शेवटचा प्रयत्न केला.

"अगं, तसं नाही. आमच्याकडे गाईचं नसतंच. पिशवीचं असतं."

तरीही खोली मिळाली. काका बँकेतून निवृत्त झालेले, आणि कुणी तरी त्यांना एखादा फॉर्म भरायला देईल याची वाटच बघत होते. परदेशी माणूस घरी राहायला आला की २४ तासांच्या आत ठरावीक फॉर्मवर त्याची माहिती कळवावी लागते. काकांनी ती संध्याकाळच्या आरतीच्या आत कळवली आणि पोचपावती लॅमिनेट करून आणली. काकूंनी शेंगदाण्याच्या कुटावर दोन महिन्यांत असे काही प्रयोग केले की काकांचं कोलेस्टेरॉल खाली आलं. मुलीला त्यांनी लग्न, पगार, आई-वडील एकत्र राहतात का, हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात विचारून घेतलं होतं. तिनेही सगळं सांगितलं, आणि मग काकूंना त्यांच्या लग्नाबद्दल विचारलं. काकू त्यावर अजून बोलताहेत.

बाकी सांस्कृतिक आदानप्रदान वगैरे ठरल्याप्रमाणे होतं. साडी नेसवणं, सिंहगडावर पिठलं-भाकरी, ढोलपथकात एक गोरा मुलगा, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. फोटोला विद्यापीठाचा बॅनर मागे असलाच पाहिजे असा आदेश आहे. जागतिक क्रमवारी लावणाऱ्या क्यूएस संस्थेच्या गणितात परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला पाच टक्के वजन आहे, हे आमच्या कुलगुरूंना पाठ आहे. जपानला सर्दी झाली की वरच्या मजल्यावरून चौकशी येते, ती काही उगाच नाही.

गुणांचं प्रकरण जास्त नाजूक. जर्मनीत एक म्हणजे सर्वोत्तम, चार म्हणजे काठावर पास आणि पाच म्हणजे नापास. आमच्याकडे दहापैकी. त्या मुलीला आम्ही मोठ्या मनाने ९.१ दिले, तर ती घाबरली. मग 'सुधारित बव्हेरियन सूत्र' नावाचं एक गणित असतं, ते करून मी तिला तिचा १.४५ काढून दिला, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. फ्रान्समध्ये गुण वीसपैकी, आणि चौदा म्हणजे 'उत्तम', सोळा म्हणजे 'अतिउत्तम'. तिथे जाऊन आलेल्या आमच्या एका मुलीने चौदा मिळवले. तिच्या वडिलांनी त्याचे सत्तर टक्के केले आणि मला फोन केला. "मॅडम, एवढे पैसे खर्चून सत्तर? बारावीला ब्याण्णव होते हो तिला." वीसपैकी वीस फक्त देवाला मिळतात, असा तिकडे विनोद आहे, हे मी त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, मग शेजारच्या जोशांच्या मुलाला कॅनडात नव्वद कसे?

आता 'विनिमय' म्हणजे देवाणघेवाण. कराराच्या कागदावर जितके तिकडून, तितके इकडून असं लिहिलेलं आहे. तिकडून सगळे येतात. इकडून जातात ते ज्यांना ब्याण्णव टक्क्यांचे वडील आहेत ते.

माझा एक विद्यार्थी जामखेडचा आहे. जर्मनीच्या त्या मुलीचा 'बडी' म्हणून मी त्याला नेमलं होतं. रिक्षावाल्याशी बोलणं, सिम कार्ड, डॉक्टर, काकूंची समजूत, सगळं त्याने केलं. संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकला. तिच्याकडून त्याने तिच्या गावाची इतकी माहिती काढून घेतली आहे की कुठली ट्राम कुठून सुटते आणि विद्यार्थी खानावळीत शुक्रवारी काय असतं हे तो झोपेत सांगेल. विनिमयासाठी त्याची निवड झाली, फी माफ झाली. मग व्हिसाची यादी आली. जर्मनीत जाणाऱ्या विद्यार्थ्याने राहण्याखाण्याचे पैसे आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरून दाखवायचे असतात. वर्षाला ११,९०४ युरो, महिन्याला ९९२. एका सत्राचे सहा महिने धरले तर ५,९५२ युरो. आपल्याकडचे साडेपाच-सहा लाख रुपये. त्याच्या वडिलांची सात एकर कोरडवाहू आहे, आणि तिच्याखालच्या बेसाल्टमध्ये किती पाणी आहे हे दुर्दैवाने मला नेमकं माहीत आहे. तो गेला नाही. त्याच्या जागी कुणीच गेलं नाही. वार्षिक अहवालात त्या कराराच्या ओळीपुढे 'आदानप्रदान यशस्वी' असं छापून आलं.

आमच्या भाऊसाहेबांना मी हे सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, "नमुन्यात नेमकं काय लिहिलंय, ते वाचा बघू." वाचलं. गोठवलेलं खातं हा एक पर्याय झाला. शिष्यवृत्तीचं पत्र हा दुसरा. आणि तिसरा असा की जर्मनीत राहणाऱ्या, पुरेशी मिळकत असलेल्या कुणी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन त्या विद्यार्थ्याच्या खर्चाची हमी लिहून द्यायची.

तेव्हा वाचकहो, पुण्यात कोणाकडे रिकामी खोली असेल तर येत्या सत्रासाठी मला जरूर कळवा. माहितीचा फॉर्म काका भरून देतील, त्यांनी तसा शब्दच दिला आहे. आणि म्युनिक, फ्रँकफुर्ट, श्टुटगार्ट अशा गावांत जे मराठी वाचक हे वाचत असतील, त्यांनी हमीच्या त्या कागदाचा जरा विचार करावा. मुलगा हुशार आहे, भाकरी स्वतः थापतो, दुधाचा चहा चालतो, ट्राम त्याला पाठ आहेत. लग्न झालेलं नाही. तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगितलं.