एक जूनची मंडळी

आमच्या आजोबांचा जन्म १ जून १९२६चा, असं शाळेचा दाखला म्हणतो. पणजी म्हणायची, पोरगं झालं तेव्हा बाजरीची खळी चालू होती. पण मास्तरांना खळं चालत नाही, तारीख लागते. शाळा जूनमध्ये उघडणार, पोराला सहा वर्षं भरलेली हवीत. मास्तरांनी बोटं मोजली आणि लिहून टाकलं. त्या हिशेबाने आजोबांच्या वयाचं निम्मं नारायणगाव एकाच दिवशी जन्माला आलंय. आजीला तर दाखलाच नव्हता. तिचं माहेर घोडेगावचं, आणि जन्म "मोठ्या पुराच्या आदल्या साली". पूर कुठला, ते सांगणारे कधीच गेले होते.

अशा घरात १९९५ नंतर केबल आली. कार्टून नेटवर्क नवंनवं होतं. दिवसभर आम्ही पोरं टॉम आणि जेरी बघायचो. रात्री त्याच चॅनेलवर टीएनटी सुरू व्हायचं, म्हणजे हॉलिवूडचे जुनेपुराणे सिनेमे. आमच्या टीव्हीला रिमोट नव्हता आणि आजीचे गुडघे दुखायचे. बटण दाबायला उठण्यापेक्षा लागलंय ते बघितलेलं बरं, म्हणून आजी इंग्रजी सिनेमे बघू लागली. तिच्या अभिरुचीचं खरं कारण संधिवात.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. सिनेमाआधी मेट्रो-गोल्डविन-मायरचा सिंह येतो. आमचं घर मळ्यात, तिन्ही बाजूंनी ऊस, टीव्हीचा आवाज आजीच्या कानाच्या मापाने. सिंहाने डरकाळी फोडली तशी कुत्री बाजेखाली गेली आणि शेजारचे तात्या बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन "बिबट्या! बिबट्या!" करत अंगणात. जुन्नर तालुक्यात हे नाव कुणी गमतीत घेत नाही, त्यामुळे मागोमाग आणखी चार माणसं आली. आजी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "तात्या, बिबट्या असा वरडत न्हाय. त्यो करवत वढल्यावानी करतो. ह्यो शिनेमातला हाय, बसा." पाचही जण बसले. सिनेमा संपेपर्यंत कुणी हललं नाही. बाहेर खरा आलेला असता तरी कळलं नसतं.

आजीचं परीक्षण कडक असायचं. नारायणगाव म्हणजे विठाबाईंचं गाव, तमाशाच्या राहुट्यांचं गाव. नाच कशाला म्हणतात ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. फ्रेड अ‍ॅस्टेअरला तिने "पाय हलका हाय" एवढं प्रमाणपत्र दिलं, पण ढोलकी नाही म्हणून मार्क कापले. 'सिंगिंग इन द रेन'मध्ये जीन केली छत्री मिटून भर पावसात नाचायला लागला, तेव्हा मात्र तिला राहवेना. "आरं, कांद्यावर कागद टाकायचा सोडून नाचतोय काय ह्यो?"

मला तेव्हा नटनट्यांचे वाढदिवस वहीत लिहायचा नाद होता. एकदा मी तिला वाचून दाखवलं: स्पेन्सर ट्रेसी ५ एप्रिल १९००, बेटी डेव्हिस ५ एप्रिल १९०८, ग्रेगरी पेक ५ एप्रिल १९१६. आजी सुपातले खडे निवडत होती. हात थांबला.

"तिघं बी एकाच तारखेचे?"

"हो."

"म्हंजी त्यांचाबी मास्तर आपल्यातलाच. तिकडं शाळा एप्रिलात उघडत असंल."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

मग वहीत एक जून सापडला. नर्गिस, १ जून १९२९. आणि तिच्या वरच्या ओळीत मेरिलिन मन्रो, १ जून १९२६. साल आजोबांचंच! योगायोगाने त्याच महिन्यात तिचा एक सिनेमा लागला. मी धावत जाऊन आजोबांना ओट्यावरून उठवून आणलं. पडद्यावर ती सोनेरी केसांची बाई खांदा उडवून हसत होती. आजोबा चष्मा पुसून उभे राहिले. मी ओरडलो, "आजोबा, ही तुमच्याच दिवशी जन्मली! वर्षसुद्धा तेच!"

आजीने आधी पडद्याकडे बघितलं. मग आजोबांकडे, टाचेच्या भेगांपासून टोपीपर्यंत, सावकाश.

"एकाच वाफ्यातलं रोप," ती म्हणाली, "पर हिला पाणी बरं मिळालंय."

आजोबा काही बोलले नाहीत. टोपी काढली, झटकली, नीट सरळ बसवली आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढली.