रोवणीचे नेते, आवत्याचे मतदार

गोंदिया जिल्ह्यात धान दोन तऱ्हेने लावतात. एक आवत्या: बी बांधीत फेकून दिलं की जिथे पडलं तिथेच उगवायचं, तिथेच पाऊस खायचा, तिथेच कापलं जायचं. दुसरी रोवणी: आधी एका कोपऱ्यात पऱ्हे टाकायचे, ते वीस-पंचवीस दिवसांचे झाले की उपटायचे, पेंड्या बांधायच्या आणि भलत्याच बांधीत, चांगला चिखल करून, रोवायचे. रोवणीला मजुरी जास्त लागते, पण पीकही जास्त येतं, असं कृषी खातं सांगतं.

ही गोष्ट आमच्या नेत्यांना कृषी खात्याच्याही आधी कळली असावी. आमच्याकडचा नेता रोवणीचा आहे. मतदार मात्र आवत्याचा. तो जिथे पडला तिथेच उभा असतो, आणि दर पाच वर्षांनी मान वर करून बघतो की आपल्या बांधीत या खेपेला कोणाचा पऱ्हा आणून रोवलाय.

आता आमच्या काकांचंच घ्या. काका गोंदिया विधानसभा मतदारसंघातले, कमळाचे. कधीपासूनचे, तर पणतीपासूनचे. जनसंघाची पणती विझली, कमळ उगवलं, काका हलले नाहीत. 2004 ला काँग्रेसचे गोपालदास अग्रवाल आमदार झाले, तेव्हापासून काकांनी त्यांच्याविरुद्ध प्रचार केला. 2009 ला केला. 2014 ला तर भाजपने विनोद अग्रवाल यांना उभं केलं, तेव्हा काकांनी रोवणी लवकर उरकावी तसं घरचं काम उरकून प्रचार केला. निवडून गोपालदासच आले. काकांचा घसा बसला तो दिवाळीपर्यंत उठला नाही.

मग आलं 2019. काका ओसरीवर बसलेले. शाखेतला पोट्टा सायकल टेकवून म्हणाला, ‘काकाजी, तिकीट आलं.’

‘कोनाचं?’

‘गोपालदासजींचं.’

‘ते तं काँग्रेसचं असन ना. आपलं सांग.’

‘आपलंच सांगून राह्यलो जी.’

काकू सांगतात की काका त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. फक्त एकदा ‘बाप्पा’ म्हणाले. पंधरा वर्षं ज्यांच्या नावाने घसा बसवला ते आता कमळावर, आणि ज्यांच्यासाठी बसवला ते विनोद अग्रवाल अपक्ष! पक्षाशी इमान राखावं तर माणूस परका, माणसाशी राखावं तर पक्ष परका. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मतदान केंद्र दोन्हींच्या मधोमध, जिल्हा परिषदेच्या शाळेत.

त्या दिवशी काकांनी बटण कोणतं दाबलं, हे अजून कोणाला ठाऊक नाही. विचारलं की ते राज्यघटनेचा आधार घेऊन ‘मतदान गुप्त असतं’ म्हणतात. निकाल मात्र गुप्त राहिला नाही. अपक्ष विनोद अग्रवाल सुमारे 27 हजारांनी निवडून आले आणि आले तसे भाजपच्या पाठीशी उभे राहिले. म्हणजे काकांच्या पक्षाचा उमेदवार हरला, पण काकांच्या पक्षाला आमदार मिळाला. जो पडला तोही आपला, ज्याने पाडला तोही आपला. असं सुख पंढरपूरच्या वारकऱ्यालाही मिळत नसेल.

2024 च्या सप्टेंबरात गोपालदास पुन्हा काँग्रेसमध्ये गेले. विनोद अग्रवाल कमळावर उभे राहिले आणि 61 हजारांवर मतांनी जिंकले. 2014 चंच चित्र, फक्त निकाल उलटा. उमेदवार तेच दोघे, गाव तेच, शाळेतली खोलीही तीच. दहा वर्षं दोघे एकमेकांसमोर उभे राहिले, मागचे पडदे तेवढे बदलत गेले. झाडीपट्टीत रात्रभर चालणाऱ्या नाटकातही एका पात्राला इतक्या वेळा कपडे बदलायला सवड मिळत नाही.

काकांना वाटतं, त्रास फक्त कमळवाल्यांनाच आहे. त्यांनी एकदा आमच्या मामांकडे जाऊन यावं.

मामा अर्जुनी-मोरगावचे, घड्याळाचे. 2019 ला तिथे भाजपचे राजकुमार बडोले उभे होते. दोनदा आमदार, साडेचार वर्षं सामाजिक न्यायमंत्री. मामांच्या घड्याळाने त्यांना पाडलं. किती मतांनी? 718. इतक्या थोडक्या मतांची निवडणूक असली की गावातला प्रत्येक जण शेवटचं मत आपलंच मानतो. मामाही मानतात. ‘मी नसतो गेलो तं 717 राह्यले असते,’ हे त्यांनी पाच वर्षांत इतक्यांदा सांगितलं की मामी ते आता ओव्यांच्या चालीवर म्हणतात.

2024 ला विधानसभा आली आणि बडोले राष्ट्रवादीत आले. घड्याळावर उभे राहिले. ज्या घड्याळाने त्यांना पाडलं, तेच आता त्यांच्या नावापुढे. तिथल्या कमळवाल्याला यंत्रावर कमळ सापडेना आणि मामांना घड्याळ सापडलं, पण नाव वाचून मामांनी चष्मा पुसला. यंत्राचं बटण दाबल्यावर काचेमागे चिठ्ठी दिसते ती सात सेकंद. मामा सांगतात, पहिल्या दोन सेकंदांत त्यांनी चिन्ह पाहिलं आणि बरं वाटलं. पुढच्या दोन सेकंदांत नाव वाचलं आणि कसंसंच झालं. उरलेल्या तीन सेकंदांत आपण 2019 ला चुकलो की आज, हे ठरवायला घेतलं, तोवर चिठ्ठी डब्यात पडली. बडोले निवडून आले. मामांचं 718 चं पुराण तेव्हापासून बंद आहे.

घड्याळ कोणाचं, हाही मधल्या काळात मोठाच प्रश्न होता. 2023 च्या जुलैत अजित पवार सरकारात गेले, आमचे गोंदियाचे प्रफुल पटेल त्यांच्यासोबत गेले आणि 2024 च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने नाव आणि घड्याळ अजित पवारांना दिलं. मामांना कुठेच जावं लागलं नाही. ते आपल्या खुर्चीत बसले होते, आणि बसल्या जागी विरोधी पक्षातून सत्ताधारी पक्षात गेले. 2019 च्या लोकसभेला भाजपच्या ज्या सुनील मेंढेंना पाडायला मामा उन्हात फिरले, त्यांनाच निवडून आणायला 2024 ला फिरले. ऊन तेच होतं.

आमच्या शेजारचे आजोबा पंजाचे. त्यांचं दुःख निराळं आहे. 1999 नंतर थेट 2024 पर्यंत लोकसभेच्या यंत्रावर त्यांना पंजा दिसलाच नाही, जागा मित्रपक्षाला सुटलेली. म्हणून ते पंजाने घड्याळ दाबून यायचे. त्यांच्या मते तो तांत्रिकदृष्ट्या पंजाच झाला. त्यातून नाना पटोले. आधी काँग्रेसचे आमदार, मग भाजपचे, 2014 ला भाजपकडून प्रफुल पटेलांना हरवून खासदार, 2017 च्या डिसेंबरात राजीनामा, मग पुन्हा काँग्रेस, पुढे प्रदेशाध्यक्ष. आजोबा पटोलेंवर रागावायला उभे राहायचे, तोवर ते परत आपलेच झालेले असायचे.

2018 ची पोटनिवडणूक तर बघण्यासारखी होती. राष्ट्रवादीला हरवून खासदार झालेले पटोले राष्ट्रवादीसाठी मतं मागत होते, आणि घड्याळावर उभे होते मधुकर कुकडे, म्हणजे एकेकाळचे तुमसरचे भाजपचे आमदार. 28 मेच्या मतदानाला यंत्रंच जागोजागी बंद पडली आणि 49 केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावं लागलं. कारण उन्हाचं सांगितलं गेलं. आमच्या पानठेल्यावरचं मत वेगळं आहे. यंत्र हिशेबी असतं. कोण कुठला, याचा हिशेब लावता लावता ते तापलं असणार.

जिल्हा परिषदेचं सांगितलं नाही तर पाप लागेल. जागा 53. 2015 ला राष्ट्रवादी 20, भाजप 17, काँग्रेस 16. पाटीवरचं गणित सांगत होतं की दोन जुने मित्र मिळून 36 होतात. काँग्रेसने भाजपशी जमवलं. 2022 ला भाजप 26, काँग्रेस 13, राष्ट्रवादी 8, चाबी नावाची स्थानिक संघटना 4, अपक्ष 2. मुंबईत तेव्हा काँग्रेस आणि राष्ट्रवादी एका सरकारात. गोंदियात राष्ट्रवादीने भाजपशी जमवलं. काँग्रेसने पाठीत खंजीर खुपसल्याची तक्रार केली. राष्ट्रवादीने भंडाऱ्याकडे बोट दाखवलं, कारण तिथे काँग्रेसने त्याच सुमारास भाजपच्या फुटीर गटाला हाताशी धरलं होतं. खंजीर एकच असावा. दोन्ही जिल्हे शेजारी असल्यामुळे पाळीपाळीने वापरत असावेत.

नाही म्हणायला तिरोड्याचे मतदार सुखी आहेत. विजय रहांगडाले 2014, 2019, 2024, तिन्ही वेळा तेच, कमळही तेच. पण 2024 ला त्यांच्यासमोर शरद पवारांच्या पक्षाकडून जे उभे होते, ते भाजपचे माजी खासदार खुशाल बोपचे यांचे चिरंजीव. तळ्यांच्या जिल्ह्यात ‘तळ्यात-मळ्यात’ हा खेळ घरोघरी चालायचाच.

आता कोणी म्हणेल, याला कायदा नाही काय? आहे ना. 1985 पासून आहे. आधी एक-तृतीयांश आमदार घेऊन बाहेर पडता यायचं, 2003 मध्ये ती सोय काढली आणि दोन-तृतीयांश घेऊन दुसऱ्या पक्षात विलीन होणाऱ्यालाच अभय उरलं. म्हणजे एकट्याने कुंपण ओलांडलं तर अपराध, सगळा कळप घेऊन ओलांडलं तर स्थलांतर. आमच्या काकूंनी हे ऐकून लगेच घरातली मतं मोजली. सहा. ‘चौघं फुटलो तं आपनच खरा पक्ष ना जी?’ काका म्हणाले, हो. ‘मंग ओसरीवरचं घड्याळ माझं,’ काकू म्हणाल्या.

मी काकांना सरळ विचारलं, ‘काका, नेत्यांवर तुमचा भरवसा आहे काय?’

‘नाही.’

‘मग मत का देता?’

‘पक्षाकडं पाहून.’

‘आणि पक्षावर?’

काका थांबले. म्हणाले, ‘गेल्या खेपेला मानसाकडं पाहून देल्लं होतं.’

इथेच सगळं आलं. ‘माणूस कसाही असो, पक्ष आपला’ आणि ‘पक्ष कोणताही असो, माणूस आपला’ ही दोन वाक्यं आमच्या जिल्ह्यात घरोघरी आहेत. दर पाच वर्षांनी ती तोंडं बदलतात, एवढंच. आज जो पहिलं म्हणतो तो पुढच्या खेपेला दुसरं म्हणेल, कारण त्याला आपण बदललो नाही हे स्वतःला पटवायचं असतं. नेत्याला ते पटवावं लागत नाही. त्याला विकास करायचा असतो.

विकास म्हणजे काय, तर बोनस. निवडणूक जवळ आली की धानाला बोनस जाहीर होतो. 2023-24 च्या हंगामाला तो हेक्टरी 20 हजार होता, दोन हेक्टरपर्यंत. सगळ्या पक्षांचे नेते तो आपणच आणला असं सांगतात आणि त्यात खोटं काही नाही, कारण प्रत्येक जण कधी ना कधी त्या पक्षात होताच. खरेदी केंद्रावर धान मोजून दिला की चुकाऱ्यांची वाट बघायची. नेता कमळाच्या बांधीत असो की घड्याळाच्या, चुकारे आपल्या चालीनेच येतात. एवढी पक्षनिष्ठा आमच्याकडे फक्त चुकाऱ्यांनी राखली आहे.

परवा काकांच्या बांधीत रोवणी होती. चिखलात बाया ओळीने वाकून रोवत होत्या. डोक्याला ऊन लागू नये, पावसाची भुरभुर लागू नये म्हणून प्रत्येकीने काही ना काही बांधलं होतं. जवळ जाऊन पाहिलं, तर एकीच्या डोक्यावर कमळाची टोपी, दुसरीच्या डोक्याला पंजाचा दुपट्टा, तिसरीने घड्याळाचा दुपट्टा कमरेला खोचलेला. मुंबईत ज्यांना एका टेबलावर बसायला वाटाघाटी लागतात, ते इथे एका बांधीत गुडघाभर चिखलात होते, आणि कोणाचंच भांडण नव्हतं. ओळही सरळ होती.

बांधावर काकू न्याहारी घेऊन बसल्या होत्या. भाताचं पातेलं त्यांनी एका भगव्या दुपट्ट्यात बांधून आणलेलं. मी गमतीने म्हटलं, ‘काकू, पक्षाचा दुपट्टा आहे हो, काका रागावतील.’ काकूंनी गाठ सोडली आणि दुपट्ट्याचं टोक बोटांत धरून चाचपलं. म्हणाल्या, ‘कापड अजून बरं हाये म्हनून भाताला. त्याच्या आंधीचा विरला, त्याचं पोतेरं केलं.’

काकू राज्यशास्त्र शिकलेल्या नाहीत. पण त्यांचा पोतेऱ्याचा नियम लोकसभेलाही लागू झालेला दिसतो. भंडारा-गोंदिया मतदारसंघ झाल्यापासून लोकसभेची मतं पाच वेळा पडली: 2009 ला प्रफुल पटेल, 2014 ला नाना पटोले, 2018 ला मधुकर कुकडे, 2019 ला सुनील मेंढे, 2024 ला काँग्रेसचे प्रशांत पडोळे. पाच निवडणुका, पाच खासदार. दुसऱ्यांदा कोणीच नाही.