निडव्याला उतारा कसला?

बारामती आणि इंदापूर हे शेजारी तालुके, त्यामुळं त्यांचं सहसा कशावर पटत नाही. आवर्तनाचं पाणी आधी हेडला की टेलला, उसाला पहिली उचल किती, सोयरीक जुळवताना आधी पत्रिका बघायची की पक्ष, अशा प्रत्येक प्रश्नावर इथं दोन गट पडतात आणि तिसरा तटस्थ म्हणून दोघांच्या शिव्या खातो. एका मुद्द्यावर मात्र नीरा डाव्या कालव्याच्या वरच्या अंगापासून खालच्या अंगापर्यंत पूर्ण एकमत आहे. 'आई कुठे काय करते' ही मालिका शेवटी शेवटी पार घसरली होती.

स्टार प्रवाहवरची ही मालिका डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस संपली. त्याच महिन्यात विधानसभेचा निकालही लागला. निकालावर चार दिवस वाद घालून माणसं ऊसतोडीच्या चिठ्ठीमागं लागली. मालिकेतल्या अरुंधतीनं परत नवऱ्याच्या 'समृद्धी' बंगल्यात यायला नको होतं, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. भिगवणच्या मासळी बाजारात विचारा, बारामतीच्या एसटी स्टँडवर विचारा, इंदापूरच्या तहसील कचेरीत उताऱ्यासाठी ताटकळलेल्यांना विचारा. सगळे एकच सांगतील, 'पहिल्यासारखी राहिली नव्हती.' आणि हे सगळे शेवटचा भाग बघून उठलेले.

दोष कुणाचा, यावर तज्ज्ञांची मतं पडली आहेतच. कुणी म्हणतं, लेखक थकले. कुणी म्हणतं, लॉकडाऊननंतर संजनाचं, म्हणजे अरुंधतीच्या नवऱ्याच्या प्रेयसीचं, काम करणारी नटी बदलली, दीपाली पानसरेंच्या जागी रूपाली भोसले आल्या, तिथंच पाय घसरला. हे इंदापुरात तरी कुणी बोलू नये. आमच्याकडं माणूस तोच राहतो आणि पक्ष बदलतो, तरी प्रेक्षक जागा सोडत नाहीत. कुणी म्हणतं, मालिका फार लांबली. हे शेवटचं कारण इतकं सर्वमान्य आहे की त्याचा समाचार आधी घेतला पाहिजे.

लांबण लावणं हा गुन्हा असेल तर बारामतीनं मोरोपंतांचं नाव अभिमानानं घेणं ताबडतोब थांबवावं. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ. बाबूजी नाईकांच्या आश्रयानं बारामतीत बसून या गृहस्थांनी अख्खं महाभारत आर्येत उतरवलं आणि रामायण तर एकशे आठ वेळा लिहिलं. कथा तीच, पात्रं तीच, लंका त्याच ठिकाणी. तरी बारामतीकरांनी तक्रार केल्याची नोंद नाही. कारण पंत दर वेळी स्वतःलाच एक नवी अट घालून घेत. 'निरोष्ठ रामायणा'त प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरंच नाहीत. राम आणि भरत यांना त्यांच्या नावानं हाक मारायची सोय नाही, तरी रामायण पुरं झालं. आता एखाद्या मालिकेनं असा एक निरश्रू भाग करून दाखवावा, किंवा कुणीही चोरून ऐकत नाही असा एक निश्छिद्र भाग. दारामागं कान देणं वर्ज्य केलं तर मराठी दूरचित्रवाणीवर गुरुवारपर्यंत पोचेल इतकीही कथा शिल्लक राहणार नाही. आणि हेही ध्यानात घ्या, की एकशे आठही वेळा पंतांनी रावण मारला. टीआरपी बरा आहे म्हणून त्याला सीतेच्या शेजारच्या खोलीत राहायला आणला नाही.

तेव्हा लांबी हा दोष नव्हे. खरं कारण उसाच्या रानात आहे आणि ते आपल्याला ठाऊक नसावं, हेच नवल.

नवं बेणं लावून घेतो ती लागण. ती तुटल्यावर त्याच बुडख्यांवर फुटवा धरतो तो खोडवा. खोडव्यावर पुन्हा धरला की निडवा. दर खेपेला खर्च कमी, बेण्याचे पैसे वाचतात, नांगरट वाचते. आणि साधारणपणे दर खेपेला टनेजही कमी. हे सगळं पाडेगावच्या संशोधन केंद्रात न जाताही आपल्या बापजाद्यांना कळत होतं.

'आई कुठे काय करते'ची लागण झकास होती. बेणं बंगालचं, 'श्रीमोयी' नावाच्या मालिकेचं. तेच बेणं पुढं २०२० मध्ये हिंदीच्या रानात 'अनुपमा' म्हणून लागलं. पण आपल्या मातीत ते जोमानं आलं, कारण माती तयारच होती. घरात सगळ्यांच्या आधी उठणारी, सगळ्यांच्या नंतर जेवणारी आणि 'तू दिवसभर करतेस काय' हे ऐकून घेणारी बाई शोधायला इथं कुणाला लांब जावं लागत नाही. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी अरुंधतीला नवऱ्याचं प्रकरण कळलं, तेव्हा आमच्या भागात कित्येक घरांत पुरुषांनी उठून आपापलं ताट मोरीत नेऊन ठेवलं. काही ठिकाणी तर हा प्रकार आठवडाभर चालला. एवढा उतारा आजवर कुठल्या प्रबोधनाला पडला नव्हता. मधुराणी प्रभुलकरांच्या चेहऱ्यावर बोलण्याआधीचं जे थांबणं होतं, ते बघायला बायका गॅस बारीक करून बाहेर येत.

मग घटस्फोट झाला. अरुंधतीनं घर सोडलं, कमवायला लागली, स्वतःच्या मतानं जगायला लागली. ऊस पक्व झाला होता. पक्व ऊस तोडायचा असतो. तोड लांबली की तुरा येतो. लांबून रान मोठं देखणं दिसतं, कांडं मात्र आतून पोकळ होत जातं. पण वाहिनीची अडचण समजून घ्या. सुखी अरुंधती साडेसातला परवडत नाही. तिनं सकाळी उठून चहा घेतला, कामाला गेली, परत येऊन शांत झोपली, तर मधल्या जाहिराती कुणाच्या जिवावर दाखवायच्या? म्हणून तिचा सुटलेला प्रश्न पुन्हा गुंतवणं आलं. संजना त्याच घरात सून म्हणून आली, हा खोडवा. तिकडं बंगालात २०२१ च्या डिसेंबरात मूळ मालिकेनं रान मोकळं केलं. आपण निडवा धरला. आशुतोष आला, त्याच्याशी २०२३ मध्ये लग्न झालं, पुढं त्याला अपघातात मारला आणि अरुंधती फिरून समृद्धीत. ज्या दारातून बाहेर पडली म्हणून बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्याच दारातून तिला आत घेण्यात आलं. पाच वर्षं पाणी देऊन पीक पुन्हा पेराच्या आधीच्या जागी आणणं ही कृषिशास्त्रातली मोठीच कामगिरी आहे.

घसरण मोजायची कशी, असं विचाराल तर निमगाव केतकीला आमची आत्या आहे, तिच्याकडं चला. मार्च २०२४ मध्ये मालिका संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला ढकलली. शेतीची थ्री फेज वीज आमच्याकडं आठवड्यातले काही दिवस दिवसा येते आणि काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की आत्याचे मालक, आमचे मामा, रातभर दारं धरून दुपारी टीव्हीच्याच खोलीत घोरत पडतात. म्हणून आत्या आवाज पूर्ण बंद करून मालिका बघायची. पहिल्या वर्षी हीच आत्या कुणी पाणी मागितलं तरी 'गप ऱ्हावा जरा' म्हणून वस्सकन अंगावर यायची, एक वाक्य चुकू द्यायची नाही. शेवटच्या वर्षी तिनं महिनोन्‌महिने मुकी मालिका बघितली आणि तिचं काही म्हणजे काही अडलं नाही. पानाच्या कवळ्या लावता लावता अधूनमधून मान वर करायची. कॅमेरा सगळ्यांच्या तोंडांवरून एकदा फिरला की 'काहीतरी कळलंया', दुसऱ्यांदा फिरला की 'वाईट कळलंया', आणि तिसऱ्यांदा फिरला की पदराला हात पुसून चहा टाकायला उठायची. टीआरपीच्या कुठल्या यंत्राला हे मोजता येईल?

एका आषाढीला ती तुकोबांच्या पालखीबरोबर निमगावातून पंढरपूरपर्यंत चालत गेली, दर्शनाच्या बारीत उभी राहिली आणि एसटीनं घरी आली. टीव्ही लावला तर समृद्धी बंगल्याच्या हॉलमध्ये माणसं तश्शीच उभी. आत्यानं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. म्हणाली, 'पांडुरंग अठ्ठावीस युगं का उभा हाय, ते तरी ठावं हाय. ही माणसं कशापायी उभी ऱ्हायल्यात?'

यात एकट्या अरुंधतीचं घर बदनाम करण्यात अर्थ नाही. 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये ई टीव्ही मराठीवर सुरू झाली आणि ते चार दिवस २०१३ पर्यंत पुरले, तीन हजारांवर भाग. तेही घर देशमुखांचं, हेही देशमुखांचं. कमाल जमीन धारणा कायद्यातून वाचलेली एवढी एकच देशमुखी आता उरली असावी. त्याउलट १९९९ च्या 'आभाळमाया'तही नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण होतंच, पण ती सुरुवातीला आठवड्यातून एकदाच यायची. मधले सहा दिवस प्रेक्षकाला आणि लेखकाला, दोघांनाही विचार करायला मिळत. हल्ली दर गुरुवारी आकडे येतात. आकडा बघून शुक्रवारी मरणारा माणूस सोमवारी डोळे उघडतो. लेखकाला शिव्या देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. वजन कमी भरलं म्हणून गाडीच्या बैलाला कुणी बडवत नाही. काटा कुणाच्या हातात आहे, ते आधी बघतात.

तेव्हा आमची सरकारला नम्र सूचना आहे. पुण्यातल्या साखर संकुलात एक खोली रिकामी करून तिथं मालिका आयुक्त नेमावा. कायदे नव्यानं करायची गरज नाही, उसाचेच लावावेत. परवान्याशिवाय कुणी गाळप सुरू करू नये आणि उतारा पडला की धुराडं बंद करावं. दोन साखर कारखान्यांत पंचवीस किलोमीटरचं हवाई अंतर लागतं, तेवढंच अंतर दोन मालिकांतल्या लफड्यांत असावं. मागच्या भागाची उजळणी, पुढच्या भागाची झलक आणि तोंडांवरची फिरवाफिरव हे पाचट धरून वजनातून वजा करावं. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे न दिल्यास कारखान्याला पंधरा टक्के व्याज बसतं. तसं प्रेक्षकानं चौदा दिवस डोळे दिले आणि कथा हलली नाही, तर ती व्याजासकट हलवून मिळावी. अर्थात उसाचं हे व्याज आजवर किती जणांच्या हातात पडलं, हे विचारून सभेचा वेळ कुणी घेऊ नये.

आता सभेचाच विषय निघाला म्हणून सांगतो. उद्या या सूचनांसाठी दोन्ही तालुक्यांतल्या प्रेक्षक-सभासदांची वार्षिक सर्वसाधारण सभा बोलावली, तर ती कशी होईल हे आत्ताच लिहून ठेवतो. विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. ते काम मालिका रोज पहिल्या दोन मिनिटांत करतेच, म्हणून वाचल्याचं समजण्यात येईल. विषय क्रमांक दोन, लागणीनंतर फार तर एक खोडवा, निडवा कायमचा बंद. मागच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर' असा गजर होईल. पुढच्या रांगेत कुणीतरी माईक ओढेल, कुणीतरी तो परत ओढेल, आणि ठराव एकमतानं पास होईल. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक उपसूचना येईल. ठराव चांगलाच आहे, पण त्याची अंमलबजावणी पुढच्या महिन्यापासून करावी, कारण सध्याच्या मालिकेत वकिलानं कोर्टात पाकीट काढलंय आणि त्यात काय आहे ते अजून कळलेलं नाही.

उपसूचनेला तर हात वर करून मतदानसुद्धा घ्यावं लागणार नाही.